लखलखीत पितळ

"आये, ठेव ती चिंच. उगं बोटं मोडून घिऊ नगंस," असं म्हणत आमच्या ह्यांनी शर्टाच्या खिशातनं कागदाची पुडी काढली आणि आत्तींच्या पुढ्यात उलटी केली.

दसऱ्याचा आदला दिवस होता. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मागच्या दारात देव घासायला बसल्या होत्या. एका बाजूला चिंचेचा कोळ, एका बाजूला राख, मध्ये परातीत देव. सांधेदुखीनं त्यांच्या बोटांची पेरं सुजून आलेली. एकेक देव घासायचा आणि मध्येच बोटं दाबत बसायचं, असं सकाळपासून चाललं होतं. मी घासते म्हटलं तर देवाला हात लावू द्यायच्या नाहीत. देव त्यांचे होते, मी फक्त सून होते.

"ह्ये काय रं? तपकीर का काय?"

"तपकीर न्हवं. मक्याचा चुरा हाय, क्लबातला. ह्येनं घासून बघ."

आत्तींनी फडक्यावर चिमूटभर चुरा घेतला आणि बाळकृष्णावर दोन हात फिरवले. कालपर्यंत ज्याचं नाक कुठं आणि डोळे कुठं ते कळत नव्हतं, तो बाळकृष्ण असा निघाला की त्या बघतच राहिल्या.

"अगं बया! शालन, बघ की गं. ह्येच्या गालाला खळी हाय! इतकी वरसं आंघुळ घालतीया मी, मला ठावंच न्हाई!"

"बघा आत्ती," मी म्हटलं, "देव घासायला शेवटी पलटणीतलाच माणूस लागला."

आमचे हे हसले. मंजी, आमची लेक, आज्जीच्या मांडीवर चढली आणि तिनं त्या खळीचा पटकन मुका घेतला. दीड-पावणेदोन वर्षांची होती तेव्हा. त्या दिवशी घरात सगळ्यांना फार आनंद झाला होता, हे मी सांगितलंच पाहिजे.

हे पलटणीत होते, बंदुका दुरुस्त करायच्या खात्यात. नाव घ्यायचं तर हणमंतराव. पेन्शन घेऊन आले तेव्हा ऐन पस्तिशीतले. शेतीत मन रमेना, तेवढ्यात तालुक्याच्या रायफल क्लबात माणूस हवा म्हणून कळलं. क्लब गावाबाहेर माळावर, मागं आम्हाला राहायला दोन खोल्या आणि पुढं गोळ्या अडवायचा मातीचा मोठा बांध. बंदुकांची निगा राखायची आणि काडतुसं भरायची, हे ह्यांचं काम.

काडतुसं भरायची म्हणजे काय, तर नेमबाजांना तयार काडतूस वेळेवर मिळायचं नाही आणि मिळालं तरी परवडायचं नाही. म्हणून उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी परत उचलून आणायची. तिच्या बुडाला एक छोटी टोपी असते. बंदुकीचा घोडा त्या टोपीवर बसतो आणि आतली दारू पेटते. ती जळकी टोपी ठोकून काढायची, पुंगळी आतबाहेर साफ करायची, मग नवी टोपी, मोजून दारू आणि वर गोळी. झालं नवं काडतूस. परवाना क्लबाकडं होता, पण हात आमच्या ह्यांचा.

पुंगळ्या साफ करायला त्यांनी स्वतः एक यंत्र केलं होतं. लोणच्याचं मोठं पिंप आडवं करून दोन रुळांवर ठेवलेलं आणि खाली मोडक्या वॉशिंग मशिनची मोटर. पिंपात पुंगळ्या टाकायच्या, वर मक्याचा चुरा. दाणे काढून उरलेली मक्याची बुरकुंडं वाळवून, कुटून, चाळून तो चुरा मीच करून द्यायची. त्यात थोडं पॉलिश घालायचं, झाकण लावायचं आणि बटण दाबायचं. दुपारभर ते पिंप घर्रर्र करत फिरायचं. संध्याकाळी हे चाळणीवर सगळं ओतायचे. चुरा खाली पडायचा आणि वर राहायच्या पुंगळ्या, सराफाच्या दुकानातनं आणाव्यात तशा पिवळ्याजर्द. पुंगळीवर डाग राहिला तर परत पिंपात. लोक म्हणायचे, अहो हणमंतराव, आतनं साफ असली म्हणजे झालं, बाहेरनं एवढी चमकवून काय लग्नाला न्यायचीय? पण पलटणीत बक्कलपासून बुटापर्यंत पितळ चमकवायची सवय. माणूस घरी आला तरी सवय कुठली जायला!

नवा चुरा कोंड्यासारखा पिवळसर असायचा. वापरून वापरून काळपट व्हायचा, मग पुंगळ्यांवर तेवढी झिलई चढायची नाही. तो टाकून द्यायचा. देव मात्र त्यानं झकास निघायचे. टाकायचा तोच आमच्या घरी यायला लागला.

माणूस निष्काळजी होता म्हणाल, तर अजिबात नाही. काडतुसं भरायच्या खोलीच्या उंबऱ्याला मंजीचा पाय लागू द्यायचे नाहीत. दारूचा डबा लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली कमरेला. बाहेर येऊन कपडे झटकायचे, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच पोरीला उचलायचे. मी चिडवायची, "एवढं सोवळं तर तुमची आई देवाजवळ पण पाळत नाही." ते म्हणायचे, "शालन, दारूचा काय भरवसा? एक ठिणगी पुरं हाय." ज्याची भीती होती त्याला कुलूप होतं.

मंजी आम्हाला फार उशिरा झाली. लग्नाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. वाटेल ते ऐकून घेतलं मी लोकांचं, आणि मीही तोंडाची फटकळ, एकाचे दोन परत दिले. पण आत्तींनी कधी वाकडा शब्द काढला नाही. सासू म्हणून त्यांच्याविरुद्ध सांगावं असं माझ्याजवळ काही नाही. तुळशीला घातलेल्या फेऱ्यांनी पोर झाली म्हणून मंजिरी हे नाव त्यांनीच ठेवलं. आणि पोर बोलायला लागली ती अशी की घरात कुणाला बोलू देईना. पिंप फिरायला लागलं की "पप्पांचं जातं आलं" म्हणायची. मांजराला "म्यावबाई". सकाळी आत्ती देवाला आंघोळ घालायला बसल्या की ही शेजारी पाट घेऊन बसायची आणि देवालाच दम द्यायची, "ललू नको, डोल्यात साबन नाई जात."

देव घासणं पूर्वी सणासुदीला व्हायचं. आता चुऱ्यानं सोपं झालं म्हटल्यावर आत्तींनी ते रोजचंच केलं. चुरा लावायचा, फडक्यानं पुसायचा आणि देव ताम्हणात. त्या आंघोळीचं पाणी म्हणजे तीर्थ. पळीपळी सगळ्यांच्या हातावर पडल्याशिवाय आमच्या घरात चहाला आधण नाही. मंजीला दोन पळ्या, कारण ती दोन मागायची.

पुढच्या पावसाळ्यात पोरगी सुकायला लागली.

आधी जेवेनाशी झाली. मग पोटात दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन पडायची. भिंतीची माती खायला लागली. गावातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं, मग रक्तवाढीचं दिलं, मग दोन्ही मिळून दिलं. काही फरक नाही. रंग असा झाला, भाकरीचं पीठ मळून ठेवावं तसा. आणि चिडचिड! हात लावला की चावायला धावायची. मी गावातल्या बायकांना विचारलं, दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. ज्या गोष्टींना हसायची त्या सगळ्या केल्या.

मग शब्द जायला लागले. हे सांगायला मला आजही नको वाटतं. मोठं काही झालं नाही. ताप नाही, झटका नाही. म्यावबाईची नुसती "म्याव" झाली. काही दिवसांनी मांजर आलं की नुसतं बोट. मग बोट पण नाही. पिंप फिरायला लागलं तरी मान वर करायची नाही. मी तिला समोर बसवून विचारायची, "मंजे, पप्पांचं काय आलं? सांग की, काय आलं?" ती माझ्या तोंडाकडं बघायची. कुणी परकी बाई काहीतरी विचारतेय तसं.

"देवाचं कायतरी ऱ्हायलंय आपल्याकडनं," आत्ती म्हणाल्या. त्यांनी नवस बोलला. रोज बाळकृष्णाला दह्यादुधाची आंघोळ आणि पोरीला सकाळ-संध्याकाळ तीर्थ. मंजी दुसरं काही तोंडात घेत नव्हती, पण दहीसाखरेचं ते तीर्थ आवडीनं प्यायची. मग पळीची वाटी झाली. देव मळका ठेवून नवस बोलू नये म्हणून आत्ती दुखत्या बोटांनी दोन्ही वेळेला देव घासायच्या. पुडी संपली की हे दुसरी आणून द्यायचे. मला स्वतःलाही त्याचा आधार वाटायचा. निदान पोटात काहीतरी जातंय पोरीच्या.

असं वर्षाच्या वर गेलं. मग एक दिवस मंजी पायरीवरनं पडली आणि हात सुजला. हाड मोडलं असेल म्हणून आम्ही तिला घेऊन एसटीनं मोठ्या गावच्या दवाखान्यात गेलो. तिथं लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, काणेबाई म्हणून. उंच, किडकिडीत, बोलायला अगदी तुटक. त्यांनी हाताचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"हाड मोडलेलं नाही," म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडला. पण फोटो काही त्या खाली ठेवीनात.

"मुलगी बोलते का?"

"बोलत होती," मी म्हटलं. "लई बोलत होती. आता नाही बोलत."

"माती खाते?"

"खाते."

"घराला रंग कसला आहे? तेलाचा?"

"चुना आहे बाई. रंगाला कुठलं आलंय?"

"हाडांच्या टोकाला ही पांढरी रेघ दिसते?" त्यांनी बोट ठेवलं. मला दिसली, न दिसल्यासारखी. "वडील काय काम करतात? बॅटरीचं? छपाईचं?"

"रायफल क्लबात असतो मी," हे म्हणाले.

काणेबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. "मुलीला आजच दाखल करा. रक्त मुंबईला पाठवते."

मुंबईचा निकाल येईपर्यंत आम्ही वॉर्डातच होतो. मंजीच्या एका हाताला सलाईन बांधलेलं. निकाल आल्यावर काणेबाईंनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तिच्या रक्तात शिसं आहे. एवढं शिसं मोठ्या माणसात सापडलं असतं तरी मी घाबरले असते. ते कुठून जातंय हे कळल्याशिवाय औषध देऊन उपयोग नाही. तुमच्या कामात शिसं येतं?"

"गोळीत असतंय," हे म्हणाले. "पन गोळ्या तयार येत्यात, म्याडम. डब्यातनं काढायच्या आन् बसवायच्या. आन् पोरीला मी खोलीत पाय टाकू देत न्हाई. कपडे झटकतो, हात धुतो. हिला इचारा."

"धुतात," मी म्हटलं. "मी साक्षीला आहे."

"टोपीच्या मसाल्यातही शिसं असतं. टोपी उडाली की त्याची काजळी पुंगळीला धरते. ती पुंगळी तुम्ही साफ करता ना? कशी?"

ह्यांनी सगळं सांगितलं, पिंप, मोटर, मक्याचा चुरा. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की त्यांना बरं वाटायचं. त्या वेळीसुद्धा आवाजात थोडी ऐट आली.

"म्हणजे पुंगळीची काजळी निघते ती चुऱ्यात जाते."

"व्हय. म्हनून तर चुरा काळा पडतो."

"आणि काळा पडलेला चुरा कुठं टाकता?"

ह्यांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मला त्यांच्या बघण्यावरनं कळलं. मीच बोलले. म्हटलं, "बाई, सासूबाई त्यानं देव घासतात. रोज. त्या देवाचं तीर्थ..."

"किती दिवस?"

"दोन दसरे झाले. ती आजारी पडल्यापासनं दोन्ही वेळेला. दह्यादुधाचं. वाटीभर."

काणेबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आंबटात शिसं जास्त उतरतं."

"बरी होईल ना?"

"रक्तातलं शिसं औषधानं काढता येतं. वेळ लागेल, पण काढू. मेंदूला जे झालंय ते मला काढता येणार नाही." आणि मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "गेलेले शब्द परत येतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. खोटी आशा दाखवून काय करू?"

मला त्या बाईचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही तसंच सांगितलं असतं.

बाहेरच्या बाकावर बसलो. हे पायांकडं बघत म्हणाले, "आयेला सांगू नगंस."

"का?"

"मरंल ती."

"आणि पोरगी?"

"डॉक्टरीणबाईनं पथ्य सांगितलंय म्हनू. तीर्थ बंद."

"अहो, देवाच्या तीर्थाला कसलं पथ्य, म्हणतील त्या. आपली पाठ वळली की पाजतील. प्रेमानं पाजतील!"

"शालन, तिची बोटं दुखत हुती गं. म्हनून आनला मी तो चुरा."

"माहीत आहे मला."

"तिची बोटं दुखत हुती," ते परत म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागले. पलटणीत एवढी वर्षं काढलेला माणूस. मी पदर त्यांच्या हातात दिला. म्हटलं बरं, नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्ती एसटीनं आल्या. एकट्या. हातात पिशवी. वॉर्डात शिरल्या त्या सरळ मंजीच्या खाटेपाशी. मंजी भिंतीकडं बघत पडली होती. दाखल झाल्यापासनं तिनं आमच्याकडं मान वळवली नव्हती. सुई टोचली की तेवढं ओरडायची.

आत्तींनी पिशवीतनं एक बाटली काढली, रुमालात गुंडाळलेली पळी काढली. "वाटंत सांडू नये म्हनून मांडीवर धरून आनली बघ," मला म्हणाल्या. "पोरीची पळी इतकं दिस चुकलीया."

"आये, डॉक्टरीणबाईनं तोंडानं काय द्यायचं न्हाई म्हनून सांगितलंय," हे खिडकीपाशी उभं राहून म्हणाले.

"तीर्थ हाय रं. त्येला काय हुतंय?"

पळी बाटलीला लागून वाजली. त्या आवाजासरशी मंजीनं मान वळवली. पळीकडं बघितलं. आणि मोकळा होता तो उजवा हात पुढं केला, तळवा वर, बोटं जुळवून, मध्ये खळगा करून. आज्जीनं शिकवला होता तसा, अगदी बरोबर. तिला पाणी मागता येत नव्हतं. आई म्हणता येत नव्हतं. ते येत होतं.

"बघ! शालन, बघ! वळख हाय गं पोरीला अजून!" आत्तींच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. "माझ्या देवानं ठेवलीया वळख!" आणि त्यांनी पळी भरली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीचा गज धरून उभे होते, दगडासारखे. पळी मंजीच्या हातापर्यंत आली आणि मी ती उडवली. खाटेखाली जाऊन खणकन पडली. सगळा वॉर्ड आमच्याकडं बघायला लागला.

"आत्ती, त्यात विष आहे."

आत्ती माझ्याकडं वळल्या. मग हळूच विचारलं, "कुनी घातलं?"

ह्या प्रश्नाला मी तयार नव्हते. म्हटलं, "कुणी नाही घातलं. चुऱ्यात होतं. पुंगळ्यांची काजळी. त्यानं देव घासले की देवाला लागायची, देवाची तीर्थात उतरायची. डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. रक्तात सापडलंय पोरीच्या."

मी सांगत गेले, त्या ऐकत होत्या. मंजीचा हात अजून तसाच पुढं होता.

"म्हंजी म्या पाजलं."

"तुम्हाला काय ठाऊक, आत्ती!"

"आजारी पडली तवा वाटी केली म्या. पळीची वाटी केली." मग त्या लेकाकडं वळल्या. "तुला ठावं हुतं?"

"न्हाई, आये. द्येवाशप्पत न्हाई."

त्यांनी मान हलवली. पदराचं टोक घेतलं आणि मंजीचा तो कोरडाच हात पुसला, एकेक बोट धरून पुसला आणि खाली ठेवला. बाटली पिशवीत घातली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या.

आम्ही मंजीला घेऊन घरी आलो तेव्हा देव्हारा रिकामा होता. ताम्हण नाही, पळी नाही, चुऱ्याची पुडी नाही. देव त्यांनी लाल फडक्यात बांधून नदीत सोडले होते. गावातल्या एका बाईनं सांगितलं, गुडघाभर पाण्यात कितीतरी वेळ उभ्या होत्या म्हणे.

"आत्ती, गरम पाण्यानं स्वच्छ धुतले असते तरी चाललं असतं," मी म्हटलं. "पितळच ते."

"धुतलं असतं. पन त्येस्नी परत हात लावायचं माझ्यानं झालं नसतं, शालन."

आम्हा मोठ्यांच्याही रक्तात शिसं निघालं, ह्यांच्या सगळ्यात जास्त, पण मोठ्या माणसाला सोसवेल एवढं. नोकरी सोडायची तर दुसरं काय येत होतं त्यांना? क्लबानं मोटरचं पिंप काढून टाकलं. आता पुंगळ्या पाण्यात भिजवून धुवायच्या, तोंडाला फडकं बांधून. पुंगळ्या मळकटच राहायच्या, ह्यांनी कधी तक्रार केली नाही. घरी येऊन आंघोळ करायचे आणि मंजीशेजारी बसायचे, तिच्यासारखेच गप्प. माझ्या घरात दोन मुके झाले.

मंजीला औषधासाठी परत परत न्यावं लागलं. दर वेळी रक्त मुंबईला जायचं. एकदा गणपतीच्या आधी काणेबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "रक्त साफ झालंय. आता इथं यायची गरज नाही." मी विचारलं नाही काही. त्यांनी एकदा सांगितलं होतं, परत तेच ऐकायला पैसे खर्चून कशाला जायचं?

आत्ती दारातच वाट बघत बसल्या होत्या.

"काय म्हनली डॉक्टरीण?"

"रक्त साफ झालं म्हणाल्या."

त्यांचा चेहरा असा उजळला! देव सोडल्यापासनं पहिल्यांदा. मंजीला ओढून मांडीत घेतलं, तिचे केस मोकळे केले आणि सुजल्या बोटांनी विंचरायला लागल्या. "साफ झालं गं बाई माझ्या सोन्याचं! इख गेलं! मग आता बोलंल न्हवं? शालन, कवा बोलंल?"

मी एक घाव दोन तुकडे करणारी बाई. वॉर्डात सगळ्यांच्या देखत ह्याच म्हातारीला विष म्हणून सांगितलं होतं मी. आताही सांगायचंच होतं, डॉक्टरीणबाईनं मला सांगितलं तसंच, सरळ. पण ती बोटं पोरीच्या केसांतनं फिरत होती.

"बोलंल की," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत बोलंल."

हे बूट काढत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि एक पाय बुटात, एक बाहेर, तसेच बाहेर निघून गेले.

दिवाळीला आत्तींनी मंजीला उटणं लावून न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक घातला आणि समोर बसवलं. "म्हन, आज्जी. म्हन की." संध्याकाळपर्यंत. रात्री ताट वाढताना मला म्हणाल्या, "न्हाई बोलली गं." मी म्हटलं, "थंडी फार पडलीय आत्ती. अशक्तपणा आहे. संक्रांतीला बघा." संक्रांतीला पाडवा सांगितला. पाडव्याला नागपंचमी. त्या विचारायच्या आणि मी पुढचा सण सांगायची. कितीतरी वर्षं. त्यांना खरंच पटत होतं का माझ्यासाठी विचारत होत्या, ते मला कधी कळलं नाही. मंजीच्या फ्रॉकचे सलवार-कुडते झाले, तरी सणाच्या सकाळी न्हाऊ घालून तिला समोर बसवायचं आणि म्हणायचं, "म्हन, आज्जी."

शेवटी मी बेंदूर सांगितला होता. बेंदराच्या आदल्या आठवड्यात आत्ती गेल्या.

खरं सांगते, मला मोकळं वाटलं. म्हटलं सुटले, आता पुढचा सण शोधायला नको. दिवस झाले, पाहुणे गेले, घर धुऊन काढलं. सुतकामुळं त्या वर्षी बेंदूर आम्हाला नव्हताच.

पुढच्या वर्षी बेंदूर आला. सकाळी मी मंजीला न्हाऊ घातलं, नवा कुडता घातला, वेणी घातली. तिला समोर बसवलं.

"म्हण, आई," मी म्हटलं. "म्हण की गं, मंजे. आई."

दिवेलागण झाली तेव्हा हे आत आले आणि त्यांनी मला हाताला धरून उठवलं.